पाच पौंड हवा

हवेचं खरं मोल या जगात दोघांनाच कळलं. एक ब्रह्मदेव, ज्याने माणसाच्या नाकाला दोन भोकं ठेवली. आणि दुसरे मलकापुरातले माझे घरमालक, ज्यांना ब्रह्मदेवाची ही सोय अपुरी वाटली. ब्रह्मदेवाने हवा फुकट वाटली आणि तो मोकळा झाला. किती घ्यायची हे सांगायचं मात्र तो विसरला. ते उरलेलं काम माझ्या घरमालकांनी अंगावर घेतलं आणि आयुष्यभर, कुणीही विचारलेलं नसताना, इमानेइतबारे केलं.

अठ्ठावीस वर्षं सैन्यात गाड्या दुरुस्त करून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. सगळी आळी त्यांना सुभेदार म्हणायची. मी काका म्हणायची. मी इतिहासाची शिक्षिका, घर सांगलीला, नोकरी मलकापुरात, म्हणून सहा वर्षं त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहिले. खाली ते एकटे, वर मी एकटी. मी राहायला आले त्याच्या आदल्याच वर्षी काकू गेल्या होत्या आणि एकुलता एक मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. खोली बघायला गेले तेव्हा पाणी किती वाजता येतं, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, "पानी येतंय सकाळी. तुमी सायकलीत हवा किती ठेवता, बाई?" माझ्याकडे सायकल नाही हे ऐकून त्यांना माझी मनापासून कीव आली आणि त्यांनी खोली मला दिली.

त्यांची गाडी पेट्रोलची, छोटी, वीसेक वर्षांची आणि दिसायला चारचौघींसारखी. पण तिच्या पोटात त्यांनी टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता पानिपतच्या जोडीने शिकवू शकेन. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्याच्या जोरावर एक चाक फिरतं, आणि ते चाक बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. कंपनीने त्या गाडीला असलं काही दिलेलं नव्हतं. काकांनी सांगलीच्या भंगारबाजारातून एका छोट्या डिझेल गाडीचा टर्बो शोधून आणला आणि एका उन्हाळ्यात पोर्चमध्ये बसून तो आपल्या गाडीच्या गळ्यात बांधला. शेजाऱ्यांनी त्या दिवसांत आपली मुलं पोर्चसमोर खेळायला सोडली नाहीत म्हणे. पण गाडी फुटली नाही आणि अडलीही नाही. कुंभार्ली घाटात ती मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकायची आणि काका आरशात बघून फक्त मिशीला हात लावायचे.

ती फुटली नाही याचं कारण पाच पौंड. टायरमध्ये हवा भरणारा जसा पौंडात बोलतो, तसे काकाही टर्बोची हवा पौंडात मोजायचे. "हवा घालायला अक्कल लागत न्हाई, बाई. पंधरा पौंड कोन बी घालतंय. पन आतलं इंजिन कंपनीचं हाय. पिस्टन तेच, दांडे तेच. त्येला सोसंल तेवढीच द्यायची. पाच पौंड. सहावा न्हाई." हवा कमीजास्त करायला त्यांच्या गुडघ्याजवळ एक पिळायचा पितळी कान होता, आणि हवेचा काटा दाखवणारं मीटर स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, फक्त चालवणाऱ्यालाच दिसेल असं लावलेलं होतं. त्या मीटरच्या काचेवर बरोबर पाचच्या आकड्यावर एक लाल टिकली चिकटवलेली होती. टर्बो बसवल्यावर पहिल्यांदा दोघं पाटणला गेले तेव्हा काकू घाबरल्या होत्या. काटा कुठवर गेला तर चालतो असं त्यांनी विचारलं, काकांनी बोट दाखवलं, आणि काकूंनी कपाळावरची टिकली काढून तिथे लावली. म्हणाल्या, "हिच्या फुडं जायचं न्हाई." गाडीतलं बाकी सगळं काकांनी कधी ना कधी बदललं. टिकलीला हात लावला नाही.

हा पाच पौंडांचा न्याय त्यांनी गाडीपुरता ठेवला असता तर आळी सुखी झाली असती. पण काकांच्या मते जगातली यच्चयावत दुःखं कंपनीच्या इंजिनात जादा हवा कोंबल्याने झालेली होती. नवरा-बायकोचं भांडण, दहावीचा निकाल, पलीकडच्या गल्लीतल्या वकिलाला आलेली चक्कर, सगळ्याचं निदान एकच. माझ्या वर्गातल्या एका मुलीला आईबापांनी चार शिकवण्या लावल्या तर काका त्यांच्या घरी जाऊन सांगून आले, "पोरगी कंपनीची हाय. फाटंल." एका लग्नात वरबाप जिलब्यांचं ताट घेऊन आग्रहाला आला. काकांनी पानावर आडवा हात धरला आणि पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सायेब, टिकली आली." वरबाप बिचारा इकडेतिकडे बघायला लागला. मी शेजारीच बसले होते. मी मान खाली घालून मठ्ठा प्यायले.

पोर्चच्या दाराला लोक लिंबू-मिरची बांधतात. काकांच्या दाराला एक पिस्टन टांगलेला होता, एका बाजूने वितळून कड खाल्ली गेलेला. एकदा एक ऊसवाला बागायतदार नवीकोरी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "सुभेदार, होऊ दे खर्च. पंधरा पौंड करून टाका." काकांनी त्याला चहा पाजला, पिस्टनखाली उभं केलं आणि वर बघायला लावलं. "ह्यो एका येड्याचा हाय. टिकलीच्या फुडं गेला हुता." कोण येडा, कुठला, हे त्यांनी त्यालाही सांगितलं नाही आणि मलाही कधी सांगितलं नव्हतं. बागायतदार गेला तो पुन्हा आला नाही.

आणि शेवटची खोड म्हणजे दोन मिनिटं. गाडी पळून आली की टर्बो तापून लालबुंद झालेला असतो. इंजिन लगेच बंद केलं तर त्यातलं तेल जागच्या जागी जळतं. म्हणून गाडी उभी करून दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं आणि मग किल्ली फिरवायची. याला काका 'निवू देणं' म्हणायचे, आणि त्यात सूट नव्हती. आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला त्यांना झेंड्यासाठी बोलावलं होतं. गाडी फाटकात आली, मुख्याध्यापक हार घेऊन पुढे झाले, बँड सुरू झाला, आणि पाहुणे उतरेचनात. मुख्याध्यापकांनी दार उघडलं तर काकांनी आतूनच कडक सलाम ठोकला आणि सांगितलं, "निवू द्या." पाचशे मुलं आणि एक हार दोन मिनिटं उन्हात उभी राहिली. पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी चालत येणारा पाहुणा शोधला.

हे सगळं मी शाळेत रंगवून सांगायची आणि शिक्षकांच्या खोलीत हशा व्हायचा. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला काका एक फेरी मारून यायचे. पोर्चमध्ये गाडी उभी राहायची, इंजिन गुरगुरत राहायचं, आणि मी गॅलरीत कपडे काढायला म्हणून उभी असायची. त्या दोन मिनिटांत काका शेजारच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून बोलत असत. हातवारे करून, मधेच हसून. दोन मिनिटं झाली की किल्ली फिरायची, शांत व्हायचं, आणि ते खाली मान घालून घरात जायचे. मग त्यांच्या घरातून फक्त कुकरच्या शिट्ट्या यायच्या, मोजून तीन. माझ्या दिवसभरात माणसाच्या घरातला आवाज म्हणून तेवढाच असायचा, आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघायची.

एका शनिवारी एस.टी. बंद होत्या म्हणून त्यांनी मला सांगलीला सोडलं. पेठनाका आला. काका स्वतःहूनच बोलले. "हिला मिरजेला नेत हुतो, बाई. छातीत कळ आलेली. पोरगं सुट्टीला आलं हुतं. मागं हिचं डोकं मांडीवर घिऊन बसलेलं. इथनंच वरडाय लागलं, बाबा, वाढवा. बाबा, हवा वाढवा." ते रस्त्याकडे बघत राहिले. "म्या न्हाई वाढवली. टिकलीच्या आत ऱ्हायलो. दोन दिवसांनी गेली ही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्येला वाटतंय म्या इंजिन वाचीवलं. तेराव्याला बोलला तसं आन् गेला. फोन करतोय दिवाळीला. गोळ्या घेता का म्हनतो आन् ठेवतो."

सांगली आली. मी दाराच्या कडीला हात घातला तर म्हणाले, "बसा. निवू दे." दोन मिनिटं आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. मुलगा ओरडत असताना पाच पौंड सांभाळणारा माणूस मला त्या दिवशी नको झाला.

तो राग मी खंडेनवमीपर्यंत जपला. खंडेनवमीला सगळी आळी आपापली हत्यारं पुजते. काका पाने, पकडी, जॅक आणि वर्षभरातले जुने प्लग पुजायचे. इंजिनात ठिणगी पाडणारा तो बोटाएवढा प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघितला की आत काय चाललंय ते कळतं. फुटाण्याच्या सालीचा रंग आला तर तब्येत उत्तम, काळा आला तर पेट्रोल जास्त, आणि पांढरा आला तर हवा जास्त होऊन इंजिन आतून जळतंय. मुलाला लहानपणी रंग या प्लगांवरच शिकवले, असं ते अभिमानाने सांगायचे. चांगलेवाईट सगळे प्लग काकूंच्या मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत, जिऱ्याच्या वाटीत, कागदाच्या पुड्या करून ठेवलेले. प्रत्येक पुडीवर रस्त्याचं नाव: पाटण, कुंभार्ली, कोल्हापूर.

त्या वर्षी पूजा मांडायला त्यांनी मला बोलावलं. झेंडूची फुलं आणायला ते मागे गेले आणि मला हळदकुंकू हवं होतं, म्हणून मी फळीवरचा काकूंचा करंडा उघडला. आत कुंकू नव्हतं. आत एक प्लग होता. चुन्यासारखा पांढराफटक, आणि टोकाला वितळलेल्या धातूचे मोहरीएवढे थेंब चिकटलेले. पुडीच्या कागदावर लिहिलं होतं, मिरज.

मी इतिहास शिकवते. सनावळ्या विसरते, पण पुरावा समोर आला तर मला वाचता येतो. फुलं घेऊन काका दारात आले आणि तिथेच थांबले.

"काका, टिकलीच्या आत राहिला होता ना तुम्ही?"

ते पाटावर बसले. फुलं एकेक करून पान्यांवर ठेवायला लागले. "नऊ," ते म्हणाले. "नऊ पौंड. पेठनाक्यापासनं. आष्ट्याच्या फुडं इंजिन ठोकाय लागलं. एक पिस्टन गेला. ऱ्हायलेल्या तिनावर नेली मिरजेपातुर. पोराला वाटलं, म्या जपून हाकतोय."

"आणि दारातला तो पिस्टन?"

"सांगितलंय की तुमास्नी. एका येड्याचा."

मला रडू आलं आणि रागही आला. मी त्यांच्यावर ओरडलेच, त्यांच्याच घरात. मुलाला खरं का नाही सांगितलं? चार वर्षं तो तुमच्यावर दात धरून बसलाय, तुम्ही भिंतीशी बोलताय, एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

त्यांनी शांतपणे उदबत्ती लावली. "बाई, आई गेली त्याची. त्येला कुनावर तरी रागवाय लागतंय. बापानं पाच सोडून नऊ दिली, इंजिन फोडलं, तरी बी गेलीच, आसं कळलं तर त्यो रागवनार कुनावर? मग सगळं त्याच्याच आंगावर पडंल. दोन दिस आधीच दवाखान्यात का न्हेली न्हाई, म्या पुन्यात का ऱ्हातो, आसलं. पोरगं बी कंपनीचंच हाय. त्येला सोसंल तेवढंच द्यायचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळंत सांगत बसू नगा हे."

मी शाळेत सांगितलं नाही. पण दिवाळी आली. पाडव्याला मुलाचा फोन आला, गोळ्या झाल्या, फोन संपला. मी सांगलीला निघाले होते. काका पोर्चमध्ये होते. धुतलेली गाडी पुन्हा धूत होते. काहीतरी विसरले असं सांगून मी आत गेले, करंड्यातल्या प्लगचा आणि त्या कागदाचा फोनवर फोटो काढला. मुलाचा नंबर माझ्याकडे होता. काकांची तब्येत बिघडली तर कळवा म्हणून त्यानेच दिलेला. एक शब्दही न लिहिता मी फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मी नको ते केलं असं वाटून मी काकांसमोर जायचं टाळायला लागले. संध्याकाळी साडेसहाला गॅलरीचं दारही लावून घेऊ लागले.

तीन रविवारांनंतर तो आला. सांगून नाही, सवरून नाही, एस.टी.तून उतरून पिशवी घेऊन चालत आला. दारात थांबला, मान वर करून टांगलेल्या पिस्टनकडे बराच वेळ बघत राहिला. काका बाहेर आले. दोघांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही; बहुतेक झालंच नाही. थोड्या वेळाने गाडी निघाली. मुलगा शेजारच्या सीटवर बसलेला होता.

गाडी पाटणच्या रस्त्याने जाऊन दिवस मावळायला परत आली. मी दार उघडून गॅलरीत उभी राहिले. कपडे वगैरे काढायचं सोंगही केलं नाही. गाडी पोर्चमध्ये थांबली, इंजिन गुरगुरत राहिलं. दोन मिनिटं झाली. मी घड्याळात बघितलं, तीन झाली, पाच झाली. मुलाने डोकं समोर टेकवलं होतं आणि काकांचा हात त्याच्या पाठीवर होता. एरवी दोन मिनिटांवर एक सेकंद जाऊ न देणारा तो माणूस त्या संध्याकाळी मोजून अकरा मिनिटं किल्ली फिरवायला विसरला. नंतर खालून तीन शिट्ट्या आल्या आणि भांड्यांचे आवाज आले, दोन ताटांचे.

यंदा माझी बदली कवठे महांकाळला झाली. सामान टेम्पोने गेलं आणि मला काकांनी स्वतः सोडलं. काटा टिकलीला टेकला की थांबायचा. नव्या घरासमोर गाडी उभी राहिली. मी कडीला हात घातला नाही. आता मला सांगावं लागत नव्हतं. इंजिन चालू होतं. समोर बाभळी होत्या आणि ऊन होतं.

"फोटू लय झ्याक आला हुता, बाई," काका समोर बघत म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मीटरकडे बघत होते.

"म्या म्हनलं हुतं, त्येला सोसायचं न्हाई. सोसलं की वो त्येनं." मग घड्याळात बघून त्यांनी बरोबर दोन मिनिटांनी किल्ली फिरवली. माझी पिशवी दारापर्यंत आणून ठेवली, टेम्पोतून आलेल्या माझ्या नव्या स्कूटरच्या टायरमधली हवा अंगठ्याने दाबून बघितली आणि गेले. आता मुलगा महिन्यातून एकदा येतो, असं ते फोनवर सांगतात. संध्याकाळच्या फेरीला शेजारची सीट बाकीचे दिवस रिकामीच असते, ते सांगत नाहीत, पण मला माहीत आहे.

इथे माझ्या खोलीखाली कुणी राहत नाही. साडेसहा वाजता मी अजून खिडकीशी जाते आणि काही ऐकू येत नाही म्हणून परत येते. माझी स्कूटर बॅटरीवरची. तिला इंजिन नाही, टर्बो नाही, तापणारं असं तिच्यात काहीच नाही. तरी शाळेतून आल्यावर मी तिच्यावरून लगेच उतरत नाही. परवा घरमालकीणबाईंनी विचारलंच, "बाई, रोज आशा बसता, कुनाची वाट बघताय व्हय?"

मी म्हटलं, "कुणाची नाही हो. गाडी निवतेय."